पुल्ड चिकन कोरडे का पडते, आणि इंदूरच्या गच्चीवर ते नीट कसे करावे

पुल्ड चिकन, म्हणजे धुरावर शिजवून हाताने तंतू तंतू उकललेले चिकन, याविषयी तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही इंदूरमध्ये राहता, घरी ४० लिटरचा ओटीजी (विजेवरची छोटी भट्टी) आहे आणि गच्चीवर झाकण असलेली लोखंडी बार्बेक्यू शेगडी आहे. दोन किलो बोनलेस ब्रेस्ट आणून, त्याला बाजारातला बार्बेक्यू सॉस चोपडून, डुकराच्या मांसाच्या पाककृतीत दिल्याप्रमाणे तुम्ही ते मंद आचेवर चार तास ठेवले. वरचा सॉस काळा पडून कडवट झाला. आतले मांस सुटून तंतू निघाले खरे, पण घास तोंडात घोळत राहिला आणि घशाखाली उतरेना. फेब्रुवारीत तुमच्याकडे पंधरा माणसे जेवायला यायची आहेत, म्हणून तुम्ही विचारले आहे की आच कमी पडली की जास्त झाली, आणि धूर आणखी किती वेळ द्यायला हवा होता.

आचेची चूक झाली, पण ती तिसऱ्या क्रमांकाची. पहिली चूक खाटकाच्या दुकानातच झाली, दुसरी घड्याळावर विसंबण्याची होती, आणि मांस कोरडे पडण्यात धुराचा काहीही दोष नाही. गेली सतरा वर्षे मी या शहरात घरगुती समारंभांसाठी शेगडीवरचे मांसाहारी पदार्थ करून देतो. बार्बेक्यूविषयी मला जे प्रश्न येतात त्यांतले बहुतेक धुराविषयी असतात, आणि ज्यांचे चिकन बिघडते त्यांतल्या बहुतेकांचे ते धुरामुळे बिघडलेले नसते.

हा पदार्थ मुळात कोंबडीचा नाही, येथून सुरुवात करायला हवी. बार्बेक्यू हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या भाषेतून, स्पॅनिश लोकांच्या तोंडी ‘बार्बाकोआ’ होऊन पुढे इंग्रजीत आला. हाताने मांस उकलून वाढण्याची पद्धत अमेरिकेच्या दक्षिणेत, विशेषतः उत्तर व दक्षिण कॅरोलायनात, डुकराच्या मांसावर रुजली. तिथे खांद्याचा चार-पाच किलोंचा तुकडा ११० अंश सेल्सियसच्या आसपास दहा-बारा तास ठेवतात. खांद्याचे स्नायू आयुष्यभर काम करतात, त्यामुळे त्यांच्या धाग्यांना बांधून ठेवणारे कोलॅजन भरपूर आणि चिवट असते. ते ७० अंशांपुढे हळूहळू विरघळू लागते, त्याचे जिलेटिन होते, आणि तुकड्याच्या आतले तापमान ९३ ते ९५ अंशांवर पोहोचले की हाड हाताने ओढून काढता येते. एवढ्या तापमानाला स्नायूंतले बरेचसे पाणी पिळून बाहेर पडलेले असते. तरीही ते मांस रसरशीत लागते, याचे कारण म्हणजे जिलेटिन आणि चरबी धाग्यांभोवती लेप देऊन बसलेली असतात.

आता हाच हिशेब कोंबडीच्या छातीला लावून पाहा. ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांत कापली जाते, ती उडत नाही, आणि तिच्या छातीच्या स्नायूंना काम जवळजवळ नसतेच. तिथे कोलॅजनही नाममात्र आणि चरबीही नाममात्र असते. पाणी पिळून निघाले की त्याची जागा घ्यायला मागे काहीच उरत नाही. म्हणून ७४ अंशांपुढे छातीचे मांस जितका वेळ शेगडीवर राहील तितके ते कोरडे होत जाते, मग आच कितीही मंद असो. मंद आच हे कोरडेपणावरचे औषध आहे, असा समज फार पसरलेला आहे. मंद आचेने तापमान हळू चढते एवढेच. चार तासांनी तेही ९० अंशांवर जातेच.

मी स्वतः हे फार उशिरा शिकलो. पहिल्यांदा हा पदार्थ केला तो घरच्याच साखरपुड्याला, सहा किलो ब्रेस्ट आणून, अगदी तुमच्यासारखाच. वाढून झाल्यावर आमच्या आत्याबाईंनी ताटाकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, “शेवयांचा उपमा वाढलास, तो छान मोकळा झालाय, चिकन कधी येणार?” त्यानंतर मी छातीचे मांस या पदार्थासाठी आणले नाही.

लेग पीस घ्यावा, म्हणजे मांडी आणि नळी जोडलेली पूर्ण तंगडी, हाडासह आणि कातडीसह. इंदूरमध्ये हे मागावे लागते. आपल्याकडचा दुकानदार न विचारता कातडी ओढून टाकतो आणि तंगडीवर सुरीने तीन चिरा देतो, कारण त्याच्या डोळ्यांपुढे रस्सा किंवा तंदुरी असते. कातडी ठेवायची आणि चिरा द्यायच्या नाहीत, हे सुरी हातात घेण्यापूर्वी सांगावे. कातडी आपण नंतर काढणारच आहोत, पण शेगडीवर असेपर्यंत तिची चरबी मांसावर ओघळत राहते आणि कोरडी हवा थेट मांसाला लागत नाही. एक तंगडी साधारण २०० ते २५० ग्रॅमची निवडावी, आणि सगळ्या एकाच आकाराच्या असाव्यात, नाहीतर लहान तंगड्या वाळेपर्यंत मोठ्या शिजत नाहीत.

झाबुआ जवळ असल्यामुळे मला अनेकदा विचारले जाते की तिथल्या कडकनाथ या काळ्या कोंबडीचे पुल्ड चिकन करता येईल का. कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्याचे नाव झाले आहे आणि भावही चढला आहे. त्याचे मांस चवीला उत्तम असते, पण त्यात चरबी कमी आणि धागा चिवट असतो, त्यामुळे शेगडीच्या कोरड्या उष्णतेपेक्षा त्याला रस्साच मानवतो. गावठी कोंबडीचेही तसेच आहे. या एका पदार्थापुरती साधी ब्रॉयलर तंगडी सरस ठरते. तिचे कोलॅजन कोवळे असल्यामुळे सव्वा ते दीड तासात विरघळते आणि डुकराच्या मांसासारखी दहा तासांची तपश्चर्या करावी लागत नाही.

मीठ आदल्या दिवशी लावावे. प्रमाण वजनाच्या दीड टक्का, म्हणजे एक किलोला १५ ग्रॅम, घरातल्या चहाच्या चमच्याने सपाट अडीच चमचे. बादलीभर मिठाच्या पाण्यात चिकन बुडवून ठेवण्याची पद्धत मी सोडून दिली आहे. मांस पाणी पिते हे खरे, पण ते पाणीच असते, रस नव्हे, आणि फ्रीजमध्ये बादली मावत नाही हे वेगळेच. कोरडे मीठ कातडीखाली बोट घालून थेट मांसावर चोळावे, तंगड्या पसरट ताटात एका थरात मांडाव्यात, आणि फ्रीजच्या सर्वांत खालच्या खणात आठ ते बारा तास उघड्या ठेवाव्यात. खालचा खण अशासाठी की रस गळला तर तो दह्यावर किंवा कोथिंबिरीवर पडू नये. चिकन नळाखाली धुऊ नये. धुण्याने जंतू जात नाहीत. शिंतोड्यांबरोबर ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर मात्र पसरतात. ओलसर वाटले तर कागदाने टिपावे आणि तो कागद लगेच टाकून द्यावा.

मसाल्याच्या बाबतीत आपला हात आवरणे कठीण जाते. मी एक किलोला १० ग्रॅम काश्मिरी मिरचीपूड, २० ग्रॅम गुळाची पूड, ४ ग्रॅम जाडसर मिरपूड, ४ ग्रॅम मोहरीची पूड, ५ ग्रॅम लसणाची पूड आणि २ ग्रॅम भाजलेल्या जिऱ्याची पूड घेतो. मीठ आदल्या दिवशीच लावलेले असल्याने यात ते घालत नाही. तिखट हवे असेल तर निमाडातल्या बेडियाची मिरची अर्धा चमचा वाढवावी. इंदूरच्या सियागंज बाजारात ती सहज मिळते. गरम मसाला, कसुरी मेथी, आले आणि दही यांतले काहीही घालू नये, कारण ते घातले की पदार्थ चवीला चांगलाच होतो, पण तंदुरीकडे झुकतो आणि मग धुराची चव शोधावी लागते.

आता शेगडी. कोळसा लाकडीच हवा, दगडी कोळसा अन्नाजवळ आणू नये. आमच्या भागात इस्त्रीवाला ज्याच्याकडून कोळसा घेतो त्याच्याकडूनच मी घेतो, कारण इस्त्रीवाल्याला ठिणग्या उडणारा ओला कोळसा परवडत नाही. निखारे शेगडीच्या एका बाजूला ठेवावेत आणि तंगड्या दुसऱ्या बाजूला. निखाऱ्यांच्या थेट वर एकही तंगडी नसावी. तंगड्यांच्या खाली एका पसरट स्टीलच्या थाळीत दोन पेले पाणी ठेवावे. त्यात रस आणि चरबी जमा होते, आणि हा रस पुढे लागणार आहे. झाकण लावल्यावर आतली हवा १३५ ते १५० अंशांच्या दरम्यान राहावी. चिकनला ११० अंशांची अमेरिकन शिस्त लावण्याचे कारण नाही, कारण तेवढ्यावर कातडी रबरासारखी होते आणि चरबी वितळून मांसावर उतरत नाही. तापमान वाढले तर खालची हवेची झडप अर्धी बंद करावी, उतरले तर सात-आठ पेटलेले निखारे घालावेत. न पेटलेला कोळसा आत टाकू नये, कारण तो पेट घेईपर्यंत जो घाणेरडा धूर सोडतो तो थेट मांसावर बसतो.

धुरासाठी आंब्याचे किंवा जामाचे वाळलेले लाकूड उत्तम. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, आम्ही माळव्यात पेरूला जाम म्हणतो. बाभूळही चालते, पण तिचा धूर उग्र असतो, म्हणून निम्मेच घ्यावे. कडुनिंब, चिडाच्या (पाइनच्या) खोक्यांच्या फळ्या, प्लायवूड आणि रंग दिलेले कोणतेही लाकूड वर्ज्य. मुठीएवढे दोन तुकडे पुरतात. लाकूड पाण्यात भिजवण्याचा सल्ला सर्वत्र दिलेला असतो. भिजवलेले लाकूड आधी वाफ सोडते आणि वाळल्यावरच धूर देते, म्हणजे आपण केवळ उशीर विकत घेतो. धूर कसा आहे हे डोळ्यांनी ओळखता येते. झाकणाच्या भोकातून येणारा दाट पांढरा धूर अर्धवट जळणाऱ्या लाकडाचा असतो आणि त्याचा कडवटपणा जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळतो. पातळ, निळसर, भिंतीसमोर धरल्याशिवाय दिसणारही नाही असा धूर हवा. तो दिसू लागल्यावरच तंगड्या आत ठेवाव्यात, आणि त्या फ्रीजमधून काढून सरळ ठेवाव्यात, कारण थंड आणि ओलसर पृष्ठभागावर धूर सर्वांत चांगला धरतो. पहिली ३० ते ४० मिनिटे धुराची. त्यानंतर मांसाचा पृष्ठभाग वाळतो आणि पुढचा धूर चवीपेक्षा काजळीच वाढवतो. तुमच्या “आणखी किती वेळ” या प्रश्नाचे उत्तर असे आहे की तुम्ही धूर गरजेपेक्षा तीन तास जास्त दिला.

दोन गोष्टी सुरक्षिततेच्या. पेटलेली शेगडी खिडक्या लावलेल्या बाल्कनीत, जिन्यात किंवा गॅरेजमध्ये ठेवू नये, थंडी कितीही असो; निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस झोप येतेय असे समजून कोसळतो. आणि शेगडी नसेल तर जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीची शेगडी करू नये, तापल्यावर तिचा धूर विषारी असतो. तिसरी गोष्ट सुरक्षिततेची नव्हे, शेजारधर्माची. फेब्रुवारीत गच्च्यांवर वाळवणे सुरू होतात, आणि एकदा माझ्या जामाच्या धुराने शेजारच्या काकूंच्या दोन चादरी भरून कुरडयांना असा वास लागला की त्या शाकाहारी घरात कोणी खाईना. वारा कुठे वाहतो आहे ते पाहूनच शेगडी मांडावी.

ओटीजीत करायचे असेल तर तापमान १५० अंश ठेवावे, पण चकतीवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. माझ्या जुन्या ओटीजीत १५० वर फिरवले की आत १७५ असतात. आत टांगायचा एक तापमापक घ्यावा. तंगड्या पहिली ४५ मिनिटे उघड्या, मग फॉइल झाकून. धूर नंतर धुंगाराने द्यावा. उकललेले मांस पातेल्यात पसरून मध्ये वाटी ठेवावी, वाटीत लालबुंद निखारा, निखाऱ्यावर जामाच्या लाकडाचा काडीएवढा कीस आणि तेलाचे दोनच थेंब, आणि झाकण चार मिनिटे. तूप घालू नये, कारण तुपाच्या धुराने त्याला लगेच दाल-बाफल्याचा, म्हणजे डाळीबरोबर खातात त्या आमच्या माळव्यातल्या तुपाळ कणकेच्या गोळ्यांचा, वास येतो. दाल-बाफला मला प्रिय आहे, पण तो इथे नको.

आता घड्याळाच्या जागी काय, ते सांगतो. टोकदार सळईचा डिजिटल थर्मामीटर या पदार्थातले एकमेव अनिवार्य हत्यार आहे. तो खरा आहे की नाही हे घरीच तपासता येते. बर्फ घातलेल्या पाण्यात त्याने शून्य दाखवावे, आणि उकळत्या पाण्यात इंदूरमध्ये ९८ अंशांच्या जवळपास. १०० दाखवत नाही म्हणून तो परत करायला जाऊ नका. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचावर आहे, आणि इथे पाणी थोडे लवकर उकळते. सळई मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकता घालावी. कोंबडीचे मांस ७४ अंशांना खाण्यास सुरक्षित होते, आणि इथेच बहुतेक लोक शेगडी बंद करतात. त्या क्षणी तंगडी उत्तम शिजलेली असते, सुरीने कापून खायला छान असते, पण ती उकलत नाही. धागे एकमेकांना धरून बसलेले असतात आणि सांध्याजवळ रबरी लागते. तिला ८५ च्या पुढे, शक्यतो ८८ अंशांपर्यंत जाऊ द्यावे. सव्वा ते दीड तास लागतो. थर्मामीटर नसेल तर नळीचे टोक कापडाने धरून हलके फिरवावे. हाड मांसातून गोल फिरले आणि त्याबरोबर मांस ओढले गेले नाही, तर झाले.

हाडाजवळ गुलाबी रंग दिसला की आपल्याकडे पूर्ण पातेले परत गॅसवर चढते. कोवळ्या पक्ष्याच्या हाडांतली मज्जा शिजताना बाहेर झिरपते आणि आसपासचे मांस लालसर करते. शिवाय धुरातले वायू मांसातल्या रंगद्रव्याशी जोडले जाऊन कडेला गुलाबी पट्टा देतात, ज्याचे बार्बेक्यूवाल्यांना मोठे कौतुक असते. ८८ अंशांवर पोहोचलेली तंगडी गुलाबी असली तरी शिजलेली आहे. पाहुण्यांना हे जेवणाआधीच सांगून ठेवावे.

उकलण्याचे काम सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे. तंगड्या उतरवून पसरट पातेल्यात, झाकण अर्धवट ठेवून, १५ ते २० मिनिटे राहू द्याव्यात. हाताला चटका बसेल पण धरवेल, इतक्या गरम असतानाच बसावे. गार झाल्यावर जिलेटिन घट्ट होते आणि मांस उकलण्याऐवजी तुटते. आधी कातडी एका तुकड्यात ओढून बाजूला ठेवावी. मग मांडीचे हाड धरून वर खेचावे, ते स्वच्छ निघते. नळीकडे मात्र लक्ष द्यावे. तिच्या मुख्य हाडाला चिकटून सुईसारखे एक बारीक, टोकदार हाड असते, आणि ते शिजल्यावर सुटून मांसात लपते. प्रत्येक नळीमागे ते एक हाड मोजून ताटलीत काढावे. २४ नळ्या असतील तर २४ सुया मोजल्याशिवाय उठू नये. पावात घालून खाणारा माणूस चावताना सावध नसतो, आणि मुले तर नसतातच. कुर्च्या आणि पांढरे स्नायुबंधही काढावेत. उरलेले मांस अंगठा व दोन बोटांनी धाग्याच्या दिशेने, आगपेटीच्या काडीहून थोडे जाड ठेवून उकलावे. हँड मिक्सर किंवा मिक्सरचे भांडे वापरून अर्ध्या मिनिटात काम उरकणारे मी पाहिले आहेत. त्यांचा पदार्थ कितीही रसाळ असला तरी सॉस पडताच त्याचा लगदा होतो, कारण धागाच शिल्लक राहिलेला नसतो.

खालच्या थाळीत जमलेला रस गाळून, वरची चरबी चमच्याने उचलून, तो निम्मा होईपर्यंत आटवावा आणि सॉस घालण्यापूर्वी मांसावर शिंपडून हलक्या हाताने वर-खाली करावे. पाच मिनिटांत मांस तो पिऊन टाकते. बाजूला ठेवलेली कातडी तव्यावर कुरकुरीत करून, सुरीने अगदी बारीक चिरून मांसात मिसळली की मधूनच दाताखाली येते. ही माझी हौस आहे, नको असेल तर सोडून द्यावी.

सॉस शेगडीवर लावू नये. त्यात साखर असते आणि निखाऱ्यांच्या आचेवर ती आधी काळी आणि मग कडू होते. तुमच्या पहिल्या प्रयत्नात चार तास हेच चालले होते. सॉस उकललेल्या मांसाला लावायचा असतो. कोणता, यावर अमेरिकेत प्रांताप्रांतांचे वाद आहेत. उत्तर कॅरोलायनाच्या पूर्व भागात केवळ व्हिनेगर, मीठ व मिरची; दक्षिण कॅरोलायनात मोहरीचा पिवळा सॉस; कॅन्सस सिटीत टोमॅटो व मोलॅसिसचा (साखर करताना उरणाऱ्या काळ्या पाकाचा) दाट, गोड सॉस, जो आपल्याकडे बाटलीत मिळतो. अलाबामातल्या डेकेटर गावी रॉबर्ट गिब्सन यांनी १९२५ मध्ये सुरू केलेल्या भटारखान्यातून मेयॉनीज व व्हिनेगरचा पांढरा सॉस आला, आणि तो खास धुरावल्या चिकनसाठीच केलेला आहे. आपण दाट सॉस घरी करू, कारण त्याचे सगळे सामान आपल्याकडे आहे, किंबहुना अधिक चांगले आहे.

मोलॅसिसच्या जागी काकवी घ्यावी. इथल्या दुकानात ‘काकवी’ म्हणून मागितली तर दुकानदार कोऱ्या चेहऱ्याने पाहील, तेव्हा ‘राब’ म्हणावे. ती न मिळाल्यास नरसिंहपूरकडचा गडद गूळ थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा. एक किलो तंगड्यांसाठी अर्धा किलो लाल टोमॅटो उकडून, साले काढून, वाटून घ्यावेत. जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तेलावर एक किसलेला कांदा आणि सहा लसणाच्या पाकळ्या तांबूस कराव्यात. त्यात टोमॅटो, ६० ग्रॅम काकवी, ५० मिलिलिटर साधे ४ टक्क्यांचे व्हिनेगर, एक मोठा चमचा चिंचेचा कोळ, एक चमचा मोहरीची पूड, एक चमचा काश्मिरी मिरची, अर्धा चमचा मिरपूड आणि मीठ घालून मंद आचेवर ४० मिनिटे आटवावे. चिंच पाहून भुवया उंचावू नयेत. अमेरिकन सॉसमध्ये घालतात त्या वूस्टरशर सॉसच्या बाटलीवरचा मजकूर वाचला तर तिथे चिंच असतेच, आपण फक्त मधला दलाल वगळतो. पळी बुडवून उचलली असता सॉस तिच्या पाठीवर धरला, आणि बोटाने ओढलेली रेघ मिटली नाही, की गॅस बंद. गार होताना तो आणखी दाटतो. आणखी ३० मिलिलिटर व्हिनेगर गॅस बंद केल्यावर घालावे, म्हणजे त्याचा तिखट वास उडून जात नाही.

आधी निम्माच सॉस मांसात मिसळावा आणि उरलेला वाडग्यात वेगळा ठेवावा. मांसाचा रंग सॉसमध्ये बुडून गेला तर एवढ्या निगुतीने दिलेल्या धुराला काही अर्थ उरत नाही. बरोबर बारीक चिरलेला कोबी, व्हिनेगर, मीठ आणि चिमूटभर साखर. त्यावर मी जीरावन हा इंदुरी कोरडा मसाला भुरभुरवतो, कारण त्यातल्या आमचूर आणि काळ्या मिठाने गोड सॉसला उठाव येतो. अमेरिकन माणसाला हे पटेल की नाही याची मी काळजी करत नाही. पाहुण्यांत शाकाहारी मंडळी असतील तर कच्च्या फणसाचे गरे मिठाच्या पाण्यात उकडून, वेगळ्या पातेल्यात, याच सॉसमध्ये उकलावेत. धागा अगदी सारखा निघतो.

पंधरा माणसांचा हिशेब असा. हाडासह एक किलो तंगड्यांतून साडेचारशे ते पाचशे ग्रॅम उकललेले मांस मिळते. माणशी १६० ग्रॅम, म्हणजे भरगच्च दोन पाव धरले तर २.४ किलो मांस लागेल. साडेपाच किलो तंगड्या आणाव्यात, त्या चोवीसच्या आसपास भरतील. त्या एका वेळी शेगडीवर मावणार नाहीत, आणि दाटीने ठेवल्या तर मधल्यांना धूरही लागणार नाही. जेवण आठला असेल तर साडेचार वाजता पहिल्या बारा चढवाव्यात. सव्वापाचला धुराचे काम संपते, तेव्हा त्या तशाच १५० अंशांच्या ओटीजीत, फॉइल झाकून हलवाव्यात आणि शेगडीवर दुसऱ्या बारा लावाव्यात. पहिल्या साधारण सहाला आणि दुसऱ्या पावणेसातला होतात. उकलून, रस आणि निम्मा सॉस मिसळून, पातेले उकळत्या पाण्याच्या मोठ्या भांड्यात झाकून ठेवावे. मांस ६० अंशांच्या वर राहिले पाहिजे, कोमट होऊन ओट्यावर पडून राहता कामा नये. उरलेले दोन तासांच्या आत उथळ डब्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवावे, तीन दिवस टिकते. गरम करताना दोन चमचे पाणी घालून, झाकून, वाफ सुटेपर्यंत. हाडे आणि कुर्च्या टाकू नयेत. कांदा व चार मिरे घालून दीड तास उकळल्या की त्यांचा धुरकट अळणी रस्सा दुसऱ्या दिवशीच्या भातासाठी तयार होतो.

पाव मात्र शेवटच्या विझत्या निखाऱ्यांवर लोणी लावून भाजावेत, आणि त्यासाठी घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी शेगडीजवळ बसवावे, कारण त्या वेळी तुमची दहाही बोटे चिकट असतील आणि तुम्ही बाराव्या नळीतली सुई शोधत असाल.